जांभळ्या दिव्याचा मोह

वाढदिवस, गृहप्रवेश, निवृत्तीचा समारंभ अशा निमित्ताने पुण्यातल्या घरांत हल्ली गुलाबांच्या गुच्छाऐवजी ऑर्किडची कुंडी येते. ती बहुधा फॅलेनॉप्सिसची असते. रुंद जाडसर पाने, कमानदार दांडा आणि त्यावर फुलपाखरे बसल्यासारखी पांढरी किंवा जांभळट फुले. दोन-अडीच महिने फुले टिकतात, मग गळतात आणि घरातली माणसे वर्षभर नुसत्या पानांकडे बघत राहतात. पुन्हा दांडा येत नाही म्हटल्यावर कुणीतरी सुचवते, ‘उजेड कमी पडत असेल, ग्रो लाइट लावा.’ चार दिवसांत ऑनलाइन मागवलेला दिवा दाराशी येतो आणि संध्याकाळी ती बाल्कनी डीजेच्या मिरवणुकीसारखी जांभळी दिसू लागते. बाणेर-बालेवाडीपासून खराडीपर्यंतच्या उंच इमारतींत अशा दोन-चार जांभळ्या खिडक्या रात्री हटकून दिसतात.

माझे मत असे की त्यातल्या बऱ्याच घरांत दिव्याची गरजच नसते. जिथे खरोखर असते तिथे हा जांभळा दिवा नको असतो. आणि दिवा कोणताही असला, तरी तो रात्री जळण्याचे काहीच कारण नसते. शेवटचा मुद्दा झाडाइतकाच माणसांच्या तब्येतीचा आहे, म्हणून तर या सदरात तो लिहायचा.

आधी खिडकीकडे पाहू. ऑर्किडवरची पुस्तके आणि व्हिडिओ बहुतेक इंग्लंड-अमेरिकेतले असतात आणि त्यांत ‘दक्षिणेची खिडकी उत्तम’ असे ठामपणे सांगितलेले असते. ते त्यांच्या अक्षांशाला खरे आहे. पुणे साडेअठरा अंश उत्तरेला आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्याच्याही थोडा उत्तरेला असतो. त्या दिवसांत दक्षिणेच्या खिडकीतून थेट ऊन येतच नाही, उलट उत्तरेच्या खिडकीला सकाळ-संध्याकाळ तिरपे ऊन मिळते. डिसेंबरात मात्र सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि दक्षिणेचे ऊन खोलीत आतपर्यंत येते. शिवाय आपला सर्वांत लहान दिवस अकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सव्वातेरा तासांच्या आतला. लंडनला हिवाळ्यात आठ तासांचा दिवस असतो. तिथल्या माणसाने दिवा लावला तर ते समजण्यासारखे आहे. आपण तेच अनुकरण करणे म्हणजे कोकणात राहून बर्फ उपसायचे फावडे विकत घेण्यासारखे.

पूर्वेची खिडकी असेल तर फॅलेनॉप्सिससाठी तिच्यासारखी जागा नाही. सकाळचे कोवळे ऊन, नंतर दिवसभर स्वच्छ उजेड. पश्चिमेची खिडकी असेल तर पांढरा पातळ पडदा हवा, कारण एप्रिल-मेमधले पुण्याचे चारचे ऊन पानावर तपकिरी डाग पाडते. उजेड पुरेसा आहे का, हे बघायला यंत्र लागत नाही. दुपारी पानांच्या वर हातभर अंतरावर पंजा धरा. सावली रेखीव, काळीशार पडली तर ऊन जास्त आहे. कडा विरलेल्या, पण बोटे ओळखू येणारी सावली पडली तर ठीक. सावलीच पडली नाही तर उजेड कमी. झाड स्वतःही सांगते. गर्द काळपट हिरवी, लांब, लोंबकळणारी पाने म्हणजे ते अंधारात आहे. फुलाची वाट पाहणाऱ्यांना नेमकी हीच गर्द पाने ‘छान तजेलदार’ वाटतात, ही त्यातली गंमत.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात आणि ती काही परक्या देशाची चैन नव्हे. फादर सांतापाव आणि कपाडिया यांनी १९६६ साली ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हा ग्रंथ लिहिला, त्यात आपल्या भागातल्या जातींची पद्धतशीर नोंद आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मुळशी-ताम्हिणीकडे गेलात तर आंब्या-जांभळाच्या फांदीवरून लोंबणारी सीतेची वेणी दिसेल. ती जिथे वाढते ती जागा नीट बघावी. उघडे ऊन नाही, अंधारही नाही. वरच्या पानांतून गाळून आलेला, दिवसभर हलता उजेड आणि खेळती हवा. घरात आपल्याला याचीच नक्कल करायची असते. (ती वेणी मात्र फांदीसकट तोडून आणू नये आणि रस्त्यावर कुणी विकत असेल तर घेऊ नये. जंगलातून ओरबाडलेली आमरी फ्लॅटमध्ये सहसा जगत नाही आणि जंगलातून कमी होते ती होतेच.)

तरीही काही घरांत खिडकीचा उपाय चालत नाही. जुने वाडे पाडून उभ्या राहिलेल्या पेठांतल्या इमारतींत शेजारची भिंत हाताच्या अंतरावर असते. पुनर्विकासात मिळालेल्या सदनिकेची खिडकी डक्टमध्ये उघडते. जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ आठवडेच्या आठवडे भरलेले असते तेव्हा बऱ्या खिडकीतही उजेड निम्म्याच्या खाली येतो. बागेची हौस असलेल्या, जिना उतरणे अवघड झालेल्या ज्येष्ठांसाठी तर खोलीतला दिव्याखालचा कप्पा हीच बाग असते. त्यांना ‘खिडकीत ठेवा’ म्हणून मोकळे होता येत नाही. त्यांच्यासाठी दिवा निवडण्याचे गणित समजून घ्यायला हवे.

पुणेकरांना हे गणित खडकवासल्याच्या भाषेत पटकन कळेल. धरणातून किती वेगाने पाणी सुटते ते आपण क्युसेकमध्ये वाचतो आणि एकूण किती साठले ते टीएमसीमध्ये. प्रकाशाचेही तसेच आहे. झाडाच्या पानावर दर सेकंदाला प्रकाशाचे किती कण पडतात हा झाला क्युसेक, त्याचे एकक मायक्रोमोल. दिवसभरात एकूण किती पडले हा झाला टीएमसी, त्याचे एकक मोल. झाडाला मुख्यतः दिवसभराच्या साठ्याशी देणेघेणे असते. फॅलेनॉप्सिसच्या पानावर दर चौरस मीटरला सेकंदाला १०० मायक्रोमोल प्रकाश बारा तास पडला तर दिवसाचे ४.३ मोल होतात. घरगुती फॅलेनॉप्सिस तेवढ्यात सुखाने वाढते आणि तीन मोलांतही तग धरते. कॅटलिया आणि डेंड्रोबियम यांना याच्या साधारण दुप्पट लागते. व्हँडाला त्याहून जास्त, म्हणून ती दिव्याखाली वाढवण्याच्या भानगडीत नवख्याने पडूच नये. ती गच्चीवर किंवा मोकळ्या बाल्कनीतच शोभते.

दुकानातल्या दिव्याच्या खोक्यावर मायक्रोमोल लिहिलेले नसते, ल्युमेन लिहिलेले असते. ल्युमेन आणि लक्स ही माणसाच्या डोळ्यासाठी बनवलेली मापे आहेत. आपल्या डोळ्याला हिरवा-पिवळा उजेड सर्वांत तेज वाटतो, तांबडा आणि निळा मंद. त्यामुळे जांभळ्या दिव्याचे ल्युमेन मोजून काही कळत नाही. पण साध्या पांढऱ्या एलईडीसाठी ढोबळ हिशेब करता येतो: सुमारे ७० लक्स म्हणजे एक मायक्रोमोल. म्हणजे शंभर मायक्रोमोलसाठी सात हजार लक्स हवेत. मोबाइलवरचे लक्स मोजणारे फुकटचे अॅप अगदी अचूक नसते, तरी दोन जागांची तुलना करायला ते पुरते. दिवाणखान्यात रात्री ट्यूब लावल्यावर ते दोनशे-तीनशेच्या आसपास दाखवते, तेव्हा कळते की आपल्याला लख्ख वाटणारी खोली झाडासाठी जवळजवळ काळोखी असते.

मग हा जांभळा रंग आला कुठून? पानातले हरितद्रव्य वेगळे काढून काचेच्या नळीत तपासले तर ते तांबडा आणि निळा प्रकाश भरपूर शोषते, हिरवा फारच कमी. शाळेच्या पुस्तकातला तो दोन उंचवट्यांचा आलेख अनेकांना आठवत असेल. त्यावरून ‘हिरवा प्रकाश वाया जातो, तांबडा-निळाच द्या’ असा निष्कर्ष निघाला. अवकाशयानात भाजी पिकवण्याच्या प्रयोगांत तांबडे-निळे एलईडी वापरले गेले आणि त्यातून या दिव्यांना ‘अंतराळ तंत्रज्ञाना’चे वलय मिळाले. पण नळीतले हरितद्रव्य म्हणजे पान नव्हे. पानात प्रकाश पेशींच्या थरांतून इकडून तिकडे आपटत जातो आणि हिरव्याचाही बराच मोठा भाग शोषला जातो. कीथ मॅक्री यांनी २२ प्रकारच्या पिकांच्या पानांवर मोजमाप करून १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत हिरव्या प्रकाशावरही प्रकाशसंश्लेषण चांगले चालते असे स्पष्ट दिसते. उलट तांबडा-निळा प्रकाश पानाच्या वरच्या थरातच संपतो, हिरवा खोलवर पोहोचतो.

पांढरा एलईडी म्हणजे तरी काय? आतून निळा दिवा आणि त्यावर फॉस्फरचा थर. तो निळ्याचा काही भाग हिरव्या, पिवळ्या, तांबड्यात बदलतो. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. म्हणजे आपल्या घरातल्या साध्या पांढऱ्या ट्यूबमध्ये झाडाला लागणारे सगळे रंग आधीच आहेत. ‘फुल स्पेक्ट्रम’ हे शब्द छापून वेगळे पैसे आकारण्यासारखे त्यात काही नाही.

व्यावसायिक हरितगृहात तांबडे-निळे दिवे वापरतात, त्याला विजेच्या बचतीचे गणित असते. हजारो दिव्यांच्या बिलात ते महत्त्वाचे आहे. चार कुंड्यांच्या घरात नाही. आणि जांभळ्या उजेडाचा एक तोटा कुणी सांगत नाही: त्यात पान काळपट दिसते. पिवळेपणा, बुरशीचा डाग, पानाच्या बगलेतला पिठ्या ढेकूण, काहीही वेळेवर नजरेस पडत नाही. ज्या उजेडात रोग दिसत नाही तो उजेड झाड सांभाळायला काय कामाचा?

या बाजारातली खरी तक्रार मात्र वेगळी आहे. खोक्यावर ठळक ‘१००० वॉट’ लिहिलेले असते आणि दिवा प्रत्यक्षात त्याच्या दहाव्या हिश्शाने वीज घेतो. ‘समतुल्य’ हा शब्द कुठेतरी मुंगीच्या अक्षरात असतो. घरगुती एलईडी बल्बसाठी आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे आणि त्यावर ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापावा लागतो. झाडांसाठी म्हणून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या निनावी दिव्यांवर तो शोधून पाहा. झाडांसाठी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक दिव्यावर, ‘एक फूट अंतरावर इतके मायक्रोमोल आणि प्रत्यक्ष वापर इतके वॉट’ या दोन आकड्यांची सक्ती व्हायला हवी असे मला वाटते. खताच्या पोत्यावर नत्र-स्फुरद-पालाशाचे प्रमाण न लिहिता कुणी ‘जोरदार खत’ एवढेच छापले तर आपण ते घेऊ का? ग्राहक संघटनांनी हा विषय हाती घेण्यासारखा आहे. तोपर्यंत ज्या दिव्यावर हे आकडे नाहीत तो घेऊ नये.

घ्यावे काय? चार फुटी कप्प्यासाठी वीस वॉटच्या दोन साध्या पांढऱ्या एलईडी ट्यूब, नावाजलेल्या कोणत्याही कंपनीच्या. चार हजार केल्विनच्या, म्हणजे ना पिवळट ना निळसर, मिळाल्या तर उत्तम. नाही तर घरात असलेल्या साडेसहा हजारच्याही चालतात, रंगाच्या छटेवर फार डोके खपवू नये. पानांपासून त्या वीतभर ते दीड वीत अंतरावर असाव्यात आणि कप्प्याची मागची बाजू पांढरी रंगवलेली असावी. अशा मांडणीत पानावर साधारण साडेचार हजार लक्स मिळतात. बारा तासांत ते पावणेतीन मोल होतात आणि खिडकीचा थोडासा जरी उजेड जोडीला असला तरी फॅलेनॉप्सिसची सोय होते. अंतर हा इथे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित घटक आहे. छतावरच्या ट्यूबखाली टेबलावर कुंडी ठेवून ‘दिवा तर लावलाय’ म्हणणे व्यर्थ. विजेचा खर्च चाळीस वॉट गुणिले बारा तास, म्हणजे महिन्याला साडेचौदा युनिटांच्या आत. दहा रुपये युनिट धरले तरी दीडशेच्या खाली.

आता रात्रीबद्दल. फॅलेनॉप्सिस, कॅटलिया यांसारख्या ऑर्किडचा दिनक्रम बहुतेक झाडांच्या उलटा असतो. पाणी वाचवण्यासाठी ती पानांवरची रंध्रे दिवसा मिटून ठेवतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड आत घेतात, आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा उजेडात त्याची साखर करतात. निवडुंग आणि अननसही हेच करतात. त्यामुळे चोवीस तास दिवा चालू ठेवला तर झाड दुप्पट वाढत नाही, त्याची जेवणाची वेळच हिरावली जाते. रात्रीचे दहा-बारा तास त्याला अंधार हवाच.

याच माहितीचा अर्धवट तुकडा व्हॉट्सअॅपवर ‘ऑर्किड रात्री ऑक्सिजन देते, बेडरूममध्ये ठेवा’ असा फिरतो. रात्री ते कार्बन डायऑक्साइड आत घेते हे खरे. पण ऑक्सिजन पाण्याच्या रेणूचे विभाजन होते तेव्हा सुटतो आणि त्याला उजेड लागतो. अंधारात कोणतेही झाड ऑक्सिजन देत नाही. हवा शुद्ध करण्याचा दावाही असाच. त्याचे मूळ नासाच्या १९८९च्या अहवालात आहे, पण ते प्रयोग लहान बंद पेटीत केले होते. नंतर २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला तेव्हा दिसले की घरात वारा येण्या-जाण्याने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढी झाडांनी करायची तर दर चौरस मीटरला दहापासून हजारापर्यंत कुंड्या लागतील. दम्याच्या रुग्णाने ऑर्किडच्या भरवशावर खिडकी बंद ठेवू नये. फूल सुंदर आहे एवढे कारण ते घरात ठेवायला पुरेसे आहे.

आणि माणसाची रात्र. आपल्या डोळ्याच्या पडद्यात पाहण्याशी थेट संबंध नसलेल्या काही पेशी असतात. त्या निळसर उजेड टिपून मेंदूतल्या घड्याळाला ‘अजून दिवस आहे’ असे कळवतात आणि मेलाटोनिन हे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक दबते. या विषयातल्या तज्ज्ञांनी २०२२ साली एकत्रितपणे शिफारस केली, ती अशी: झोपण्याआधीचे तीन तास डोळ्यांपर्यंत दहा लक्सपेक्षा जास्त उजेड पोहोचू नये आणि झोपेत एकपेक्षा जास्त नको. हे त्या पेशींच्या हिशेबाने मोजलेले लक्स आहेत, पण पांढऱ्या एलईडीच्या बाबतीत फरक फार मोठा नाही. ऑर्किडच्या कप्प्यातून खोलीत सांडणारा उजेड या मर्यादेच्या कितीतरी पट असतो. जांभळ्या दिव्यातला निळा भाग तर नेमका त्या पेशींच्या नाकासमोरचा. तरीही नोकरीवरून परतल्यावर दिवा लावायचा आणि मध्यरात्री बंद करायचा, अशी पद्धत अनेक घरांत असते. वन-बीएचकेमध्ये त्याच खोलीत मूल झोपलेले असते. दिव्याला पाच-सहाशे रुपयांचा टायमर लावा आणि सकाळी सहा ते संध्याकाळी सहा ही वेळ ठरवून टाका. डॉ. हेमा साने यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका याच शहरात, बुधवार पेठेत, वीजजोडणीच न घेता राहिल्या. तेवढे आपल्याच्याने होणार नाही, पण सहाला झाडाचा दिवा बंद करणे अगदीच जमण्यासारखे आहे.

पाण्याच्या आणि विजेच्या शेजारावर थोडेच लिहितो. फवारणी दिवा बंद करून करावी, एक्स्टेन्शन बोर्ड कुंडीखाली नव्हे तर वर असावा. एमसीबी शॉर्टसर्किटपासून वाचवतो, माणसाला बसणाऱ्या झटक्यापासून नाही. त्यासाठी तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो. तो घरात नसेल तर दिव्याआधी तो बसवावा. अतिनील किरणांचा म्हणून विकला जाणारा दिवा कोणत्याही कारणाने घेऊ नये, डोळ्यांना इजा होते.

आर्द्रतेसाठी कुंडीखाली खडे आणि पाणी घातलेली थाळी ठेवण्याचा सल्ला सगळीकडे असतो. पुण्यात डेंगीचे रुग्ण दर पावसाळ्यात वाढतात आणि एडिस डासाला नेमके असेच स्वच्छ, साचलेले, सावलीतले पाणी आवडते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. थाळी ठेवायचीच असेल तर आठवड्यातून एकदा रिकामी करून घासून वाळवावी. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी कडेला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. पावसाळ्यात पुण्याच्या हवेत तशीही आर्द्रता भरपूर असते. जून ते सप्टेंबर ती थाळी काढून टाकलेलीच बरी.

राहिला मूळ प्रश्न, दांडा का येत नाही. उजेड ही अट आहेच, पण फॅलेनॉप्सिसला फुलाचा इशारा मिळतो तो गारव्यातून. तापमान काही आठवडे सव्वीस-सत्तावीस अंशांच्या खाली राहिले की पानाच्या बगलेतून दांडा निघतो. बंद खोलीत, दिव्याच्या उबेत, पडदे ओढून ठेवलेले झाड वर्षभर एकाच हवेत राहते आणि त्याला हिवाळा आला हे कळतच नाही. पुण्याचा नोव्हेंबर त्यासाठी फार चांगला. कुंडी खिडकीजवळ सरकवावी, रात्री खिडकी थोडी उघडी ठेवावी. पारा बारा अंशांच्या खाली जाईल अशा थोड्या रात्री तेवढी आत घ्यावी. झाड सशक्त असेल तर डिसेंबरात बोटाच्या पेरासारखा हिरवा कोंब दिसतो. मुळापेक्षा तो चपटा असतो आणि वर वळतो. तो दिसला की कुंडी फिरवू नये. दांडा उजेडाकडे तोंड करून वाढतो आणि सारखी दिशा बदलली तर फुले वेडीवाकडी बसतात.